एडिटर नाव मागतो

मानवतच्या जिनिंगसमोर कापसाच्या बैलगाड्यांची रांग पेट्रोल पंपाच्याही पुढे गेली होती.

रेवणप्पा शेटे उर्दूतून शिकले होते. निजामाचं राज्य गेलं तेव्हा त्यांची सातवी चालू होती. राज्याबरोबर सातवीही गेली.

झरीत एका मास्तरांकडे प्रिंटर होता. धूळ बसू नये म्हणून त्यांनी तो गोधडीत गुंडाळला होता.

नागुबाईंनी आपल्या एकुलत्या एक मुलाला सत्तावीस वर्षांत एकदाही नावानं हाक मारलेली नव्हती.

नांदेडच्या एका मित्रानं एडिटर तयार केला होता. तो इतका हलका होता की फ्लॉपीच्या कोपऱ्यात मावला होता. उरलेल्या फ्लॉपीत मित्राच्या बहिणीच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादी होती.

परभणीत त्या दिवशी विद्यापीठाच्या नावावरून मोर्चा होता आणि एसट्या डेपोतून निघाल्या नव्हत्या.

१९९३ सालच्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी पावणेदहाला, ही सगळी वाक्यं रेवणप्पांच्या सरकी-पेंडीच्या दुकानात एकत्र आली. ती एका फोनमुळे आली. पण फोनच्या आधी एडिटर.

□ □ □ □ □ □ □

गुरुपाद हा रेवणप्पांचा मुलगा. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. कॉम्प्युटर एक, विद्यार्थी चार, चपला बाहेर. वर्षभरात विद्यार्थी चाराचे पाच झाले नाहीत, तेव्हा रेवणप्पांनी मुदत दिली होती: "मंगळवारी बन्सीधरशेठला मशीन पसंत पडली तर ठीक. न्हाई तर बुधवारपासून त्या खोलीत सरकी भरनार."

बन्सीधरशेठची जिनिंग होती. तिथे गाड्यांच्या नंबरावरून रोज भांडणं व्हायची. आपण आधी आलो हे प्रत्येक गाडीवाला बैलाची शपथ घेऊन सांगायचा. गुरुपादनं त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहायला घेतला: गाडी आली की मशीननं नंबराची चिठ्ठी छापायची, चिठ्ठीवर गाव आणि वेळ. शपथा बंद.

प्रोग्राम त्यानं आधी पत्रं लिहायच्या एका भारदस्त पॅकेजात लिहिला. ते पॅकेज तीन फ्लॉप्या खायचं, उघडेपर्यंत खाली चहा होऊन निवायचा, आणि प्रत्येक ओळीत ते स्वतःच्या न दिसणाऱ्या खुणा घालून ठेवायचं. पत्राला त्या चालतात, प्रोग्रामाला चालत नाहीत. गाडीच्या नंबराऐवजी पडद्यावर बारीक हसरे चेहरे यायचे. म्हणून हा हलका एडिटर. त्यात नुसती अक्षरं लिहायची. खुणा नाहीत, नक्षी नाही, नसता कारभार नाही.

रविवारी गुरुपादनं तो मशीनवर बसवला. फ्लॉपीवरून आत उतरवला, मशीन चालू होताच तोच आधी उघडेल अशी सोय केली, अक्षरं हिरवी केली, प्रोग्राम त्यात हलवला. शेवटी एडिटरनं नाव विचारलं. नांदेडच्या मित्राच्या होस्टेलात पोरं त्याचे प्रोग्राम चोरून वाचत, म्हणून त्यानं ही सोय घातली होती. सात चौकटी, सात अक्षरं. पुढे दर वेळी तेच नाव टाकलं तरच उघडणार. तीनदा चुकलं तर आतली फाइल कायमची बंद.

गुरुपादनं नाव टाकलं. एडिटर उघडला.

□ □ □ □ □ □ □

"हॅलो, आप्पा? झरीहून बोलायलोय."

"बोल. प्रिंटर भेटला का?"

"भेटला. पर एसट्या बंद हायत. एका ट्रकवाल्याला इचारलंय, त्याच्याबरोबर यायलोय. शेठजी अकराला येतेत, मला उशीर हुईल. तवर मशीन चालू करून ठिवा म्हणावं."

"कोनाला म्हनू?"

"वर... वर बसल्यात त्यांना."

"बरं."

"एडिटर नाव मागतो. नाव टाका म्हणावं. इंग्रजी सात अक्षरं. तीनदा चुकलं तर समदं गेलं, जपून म्हणावं."

"नाव कोनाचं?"

झरीला मास्तरांच्या बैठकीत फोनभोवती मास्तर, मास्तरांचे वडील आणि दोन शेजारी बसले होते. झरीहून मानवतला फोन लागणं ही बघण्यासारखी गोष्ट होती. गुरुपादनं त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"घरातलंच हाय," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. लाइन तुटली की त्यानं ठेवला, हे सांगता येत नाही.

रेवणप्पांनी जिन्याखाली उभं राहून वर आवाज दिला, "सूनबाई! त्यो ट्रकात यायलाय. मशीन चालू करा. नाव टाका म्हनतोय. घरातलंच. सात अक्षरं!"

□ □ □ □ □ □ □

वर उमादेवी होती. गुरुपादची बायको, लग्नाला दीड वर्ष झालेलं, इंग्रजी टायपिंगची मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा पास. घरात गुरुपादखेरीज इंग्रजी कळफलक तिलाच कळायचा. वर नागुबाईही होत्या, कारण त्या खोलीतला पंखा चांगला होता आणि त्यांना तुरीची डाळ निवडायची होती.

उमादेवीनं मशीन चालू केली. सात चौकटी आल्या. तिनं मनातल्या मनात अक्षरं मोजली.

"सातच हायत," ती म्हणाली.

"काय सात?"

"ह्यांचं नाव, आत्याबाई. इंग्रजीत बरोबर बसतंय."

नागुबाईंचा सुपातला हात थांबला. "बसतंय म्हंजी? काय करायलीस तू?"

"टाकायलेय."

"नवऱ्याचं नाव?"

"तोंडानं न्हाई, आत्याबाई. बोटानं."

"बोट कोनाचं हाय?"

उमादेवीनं बोटं पदराखाली घेतली.

"त्यो तिकडं ट्रकात बसलाय," नागुबाई म्हणाल्या. "रस्ता कसला हाय म्हाईत हाय ना? आन् तू हितं त्याचं नाव घ्यायलीस! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उनं हुतं."

"मग तुमी टाका. मी कोनतं बटन ते दाखविते."

"मी?" नागुबाईंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "आगं, माह्या सासऱ्याचं नाव हाय ते!"

हे खरं होतं. गुरुपादचं नाव आजोबांचं ठेवलेलं. सासऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, त्यामुळे नागुबाई मुलाला जन्मापासून बाबू म्हणत आल्या होत्या. शाळेत नाव घालायला त्या गेल्या तेव्हा बाईंनी मुलाचं नाव विचारलं. नागुबाईंनी सांगितलं, त्याच्या बापाला पाठवून देते. नाव दुसऱ्या दिवशी लागलं.

म्हणजे घरातल्या दोन बायकांना ते नाव वर्ज्य होतं. उरले रेवणप्पा. त्यांना बोलावणं गेलं.

रेवणप्पा जिना चढून आले तशी उमादेवी खुर्चीतून उठली, डोक्यावर पदर घेऊन भिंतीला लागून उभी राहिली. रेवणप्पा खुर्चीत बसले. खुर्ची फिरती होती. ती त्यांना घेऊन खिडकीकडे वळली. त्यांनी ती पायानं परत आणली आणि कळफलकाकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्यात अलिफ कुठाय?"

"अलिफ न्हाई, मामा. मधल्या ओळीत, मधोमध, ते बटन दाबा."

"हे?"

"त्याच्या बाजूचं."

नागुबाई उठून आल्या. "आता हे काय? तुकडं पाडून नाव घ्यायलीस व्हय? एकदा घ्यायचं ते सातदा घेतल्यावानी झालं की!"

रेवणप्पांचं बोट पेंडीची पोती उचलून उचलून रुंद झालेलं होतं. त्याच्याखाली दोन बटणं दबली. पहिल्या चौकटीत एक अक्षर, दुसरीत भलतंच. उमादेवी पुढे वाकली आणि तिनं दोन्ही अक्षरं घालवली.

"काय केलंस?" नागुबाईंनी विचारलं.

"चुकलेलं पुसलं."

"नवऱ्याचं नाव पुसलंस?"

नाव घेणं एक वेळ निस्तरता आलं असतं. पुसणं हे फार पुढचं होतं. रेवणप्पांनी दोन्ही हात वर घेतले. "मी न्हाई हात लावीत आता," ते म्हणाले. "तुमचं तुमी बगा." पण ते खाली गेले नाहीत. सव्वादहा वाजले होते आणि खोली त्यांची होती.

□ □ □ □ □ □ □

तोड शेवटी नागुबाईंनीच काढली.

"घ्यायचंच हाय ना नाव? मग रीतीनं घे. उखाण्यात घेतलं तर चालतंय."

"आत्याबाई, मशीनला उखाणा कसा कळंल?"

"मशीनला न्हाई कळंना. देवाला कळंल."

उखाणा चारचौघींत घ्यायचा असतो. म्हणून शेजारच्या कुसुमबाईंना हाक गेली. कुसुमबाई हातातलं पीठ धुऊन आल्या, चपला बाहेर काढल्या, आणि कॉम्प्युटरच्या खोलीत आपलं काय काम हे एकदाही न विचारता सतरंजीवर बसल्या. हळदी-कुंकू झालं. कुसुमबाईंना लावलं, नागुबाईंना लावलं. मशीनच्या डोक्यावर कुंकवाचं एक बोट कुसुमबाईंनी आपणहून टेकवलं. "नवी हाय ना," त्या म्हणाल्या. ती वर्षापूर्वीची होती.

रेवणप्पा खोलीत असल्यामुळे उमादेवीला बसता येईना. ती उभ्यानंच कळफलकावर वाकली.

"घे आता. लाजू नको."

"कापसाची भरली गाडी उभी राहिली दारात," उमादेवी म्हणाली, "गुरुपादरावांचं नाव टाकते सात घरांत."

घरांत म्हणेपर्यंत सातही चौकटी भरल्या होत्या.

"वा!" कुसुमबाई म्हणाल्या. "पर राव टाकलं का?"

"रावाला जागा न्हाई, मावशी. सातच घरं."

"मग नुसतंच एकेरी? नवऱ्याला?"

नागुबाई पुन्हा उठायच्या आत उमादेवीनं शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तिनं ती दोनदा वाचली.

"काय म्हनतंय?"

"नाव चुकलं म्हनतंय. अजून दोन बारी शिल्लक."

"कसं चुकंल? नवरा तुजा, नाव त्याचं!"

त्याच वेळी दारात बन्सीधरशेठ उभे राहिले. चपला काढलेल्या, टोपी डोक्यावर, हातात घड्याळ. त्याचा पट्टा तुटलेला असल्यामुळे ते घड्याळ हातातच धरत. त्यांनी हळद-कुंकवाचं तबक पाहिलं, सतरंजी पाहिली, कुंकू लावलेली मशीन पाहिली.

"रेवणप्पा, मी कार्यात आलो का?"

"न्हाई न्हाई, या, शेठजी. एडिटर उघडायलाय."

"गुरुपाद कुठंय?"

"यायलाय. ट्रकात हाय."

बन्सीधरशेठ बसले. "बारा वाजता मला जीपनं सेलूला जायचंय," ते म्हणाले. "काल दोघांनी नंबरावरून एकमेकांचे सदरे फाडले. आज ताडकळसचे दोघं येऊन बसल्यात, दोघंही म्हनत्यात मीच पयला. तुमची मशीन खरंच चिठ्ठी देत असंल तर आत्ता दाखवा. न्हाई तर मी दोन मानसं काठ्या घेऊन उभी करतो. तेबी चालतंय."

□ □ □ □ □ □ □

"नाव घरातलंच म्हनला ना त्यो?" कुसुमबाईंनी विचारलं. त्यांना आता घरी जायचं नव्हतं. "मग लेक आईचंच नाव ठिवनार की. आमच्या पोरानं रिक्षावर माहंच लिवलंय."

नागुबाई डाळीकडे वळल्या होत्या, त्या थांबल्या. "माहं?"

"वहिनींचं नाव काय, रेवणप्पा?" बन्सीधरशेठनी विचारलं.

"हिचं?" रेवणप्पा म्हणाले. "हेच आपलं..."

"काय?"

"बाबूची माय."

"ते म्हाईत हाय हो. नाव, नाव."

रेवणप्पा खिडकीतून बाहेर बघू लागले. बत्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, फक्त रेशन कार्डाच्या कारकुनानं विचारला होता, आणि तेव्हा त्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. उर्दूत.

"सातच अक्षरं हुत्यात," उमादेवी हळूच म्हणाली.

नागुबाईंनी तोंडावरून पदर फिरवला. केस कानामागे सारले. "मशीनीत माहं नाव?" त्या म्हणाल्या. "बाबू लहान हुता तवापासून तसाच हाय. बोलून दाखवीत न्हाई." मग सुनेला म्हणाल्या, "टाक. मोठ्या अक्षरात टाक."

"सासूचं नाव मी..."

"मी सांगायलेय ना! टाक."

उमादेवीनं सातही अक्षरं मोठी टाकली. आता रेवणप्पाही वळून पाहत होते. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. या वेळी ती नागुबाईंनाही वाचता आली असती, कारण मघाशी आली तशीच होती.

"आता एक," उमादेवी म्हणाली.

नागुबाई सुपाकडे गेल्या, बसल्या आणि एक खडा शोधून तो लांब फेकला. "मला म्हाईतच हुतं," त्या म्हणाल्या.

साडेअकरा झाले. रेवणप्पा खोलीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत चालले आणि परत आले. पोती कशी लावायची ते ठरवत होते हे सगळ्यांना दिसत होतं. "हे टेबल खाली न्यावं लागंल," ते स्वतःशीच म्हणाले.

उमादेवी टेबलाशेजारी उभी होती. त्या टेबलावर वर्षभर रोज सकाळी गुरुपाद यायच्या आधी ती फडकं मारत आली होती. कोणी नसताना खुर्चीत बसून ती मशीनवर टायपिंगचा सराव करायची; ते गुरुपादला माहीत होतं आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. टेबल खाली गेलं की तेही गेलं.

पदराखाली तिनं बोटं मोजली. मग पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली तेव्हा तिचे कान तापले.

"सूनबाई," बन्सीधरशेठ म्हणाले, "तुमी शिकलेल्या दिसताव. तुमाला काही सुचतंय का?"

"न्हाई," उमादेवी म्हणाली. प्रश्न संपायच्या आधीच म्हणाली.

"घरात अजून कोन हाय, रेवणप्पा?"

"आमी दोघं, त्यो, आन् ही. बस."

"मग संपलंच की."

सासूचं झालं, नवऱ्याचं झालं, सासऱ्याचं सात घरांत बसत नव्हतं. सासरा उभा, परका माणूस बसलेला. शेवटची एकच बारी उरली होती. अशा वेळी काय सुचलंय ते तोंडानं सांगायची सोय कुठल्याच उखाण्यात नव्हती.

□ □ □ □ □ □ □

पावणेबाराला रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला.

"बाबू आला!" नागुबाई डाळ टाकून उठल्या. खिडकी एकच होती. तिच्यात आधी नागुबाई गेल्या, मग कुसुमबाई, मागून रेवणप्पा, आणि जीप तर निघाली नाही ना हे बघायला बन्सीधरशेठ. गुरुपाद ट्रकच्या मागच्या फळीवरून गोधडी उतरवत होता. केसांत कापूस होता, भुवयांत कापूस होता.

"जपून रे!" नागुबाई वरून ओरडल्या.

मिनिटाला चाळीस शब्द या वेगानं सात अक्षरांना दोन सेकंद लागतात.

खिडकीतून पहिल्यांदा कुसुमबाई वळल्या. "आगं बया! उघडलं!"

पडद्यावर हिरव्या अक्षरांच्या ओळीच ओळी होत्या. उमादेवी मघासारखीच भिंतीला लागून उभी होती, पदर डोक्यावर, नजर खाली.

"कोनी उघडलं?" रेवणप्पांनी विचारलं.

"आपोआप."

"आपोआप?"

"लय येळ थांबलं की उघडतंय ते," उमादेवी म्हणाली.

"हां," रेवणप्पा म्हणाले. त्यांना ते पटलं. आयुष्यात त्यांची बरीच कामं याच पद्धतीनं झाली होती.

गुरुपाद डोक्यावर प्रिंटर घेऊन जिना चढून आला. पडद्याकडे पाहून तो आनंदला नाही, दारातच थांबला. "उघडलं? कोनी टाकलं नाव?"

"आपोआप उघडलं म्हनत्यात," बन्सीधरशेठ म्हणाले.

गुरुपादनं उमादेवीकडे पाहिलं. उमादेवी प्रिंटरकडे पाहत होती.

"गोधडी खाली ठिवा की," ती म्हणाली.

"आदी तुजं नाव टाकलं," नागुबाई म्हणाल्या. "चुकलं. मग माहं टाकलं. तेबी चुकलं. कोनाचं नाव हाय रे मग, बाबू?"

गुरुपादनं गोधडी सोडली, प्रिंटर टेबलावर ठेवला आणि तार जोडायला टेबलाखाली गेला. तो तिथे गरजेपेक्षा बराच जास्त वेळ राहिला. "तार बसंना," असं मधून मधून त्याचं म्हणणं खालून ऐकू येत होतं.

बाराला सात मिनिटं कमी असताना प्रिंटर किरकिरला आणि चिठ्ठी बाहेर आली. गाडी नंबर एक, गाव ताडकळस, वेळ अकरा त्रेपन्न. बन्सीधरशेठनी ती उजेडाला धरली, घड्याळाशी ताडून पाहिली, पुन्हा एक छापायला लावली. नंबर दोन आला. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या टोपीत ठेवल्या.

"उद्या सकाळी जिनिंगवर मशीन घिऊन या. पर एक काम करा, गुरुपाद. हे नाव मागायचं तेवढं काढून टाका. माह्याकडं गाड्या थांबत्यात."

"आजच काढतो," गुरुपाद टेबलाखालून म्हणाला.

"असू द्या की," उमादेवी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. परक्या माणसाच्या व्यवहारात ती कोणी न विचारता प्रथमच पडली होती. "म्हंजी," ती म्हणाली, "तिथं भांडखोर लोक. कुलूप असल्यालं बरं."

"पर मग रोज उघडनार कोन?" शेठनी विचारलं. "हा ट्रकात अडकला तर?"

"मी यीन," उमादेवी म्हणाली.

नागुबाई काही तरी बोलणार होत्या. पण बन्सीधरशेठ "शरणार्थ" असा नमस्कार करून जिना उतरले, त्यांच्यामागे रेवणप्पाही उतरले आणि खाली जाऊन त्यांनी हमालाला सांगितलं, सरकी जिथं हाय तिथंच राहू दे. कुसुमबाईंना पीठ आठवलं. नागुबाईंनी सूप उचललं आणि दारात थांबून त्यांनी टेबलाखालच्या पायांना पुन्हा एकदा विचारलं, "पर नाव कोनाचं, बाबू?"

"तार बसंना, माय," गुरुपाद म्हणाला.

रविवारी दुपारी एडिटर बसवताना गुरुपादनं त्या सात चौकटींत बायकोचं नाव टाकलं, तेव्हा खोलीत तो एकटाच होता. तरी आधी उठून त्यानं खिडकी लावून घेतली होती.